अर्धवट ग्राफ

तीन आठवडे तो ग्राफ मी कुणालाच दाखवला नव्हता. लॅपटॉपवर उघडायचा, बघत बसायचं, मागून कुणाची चाहूल लागली की झटकन बंद करायचा. लपवण्यासारखं वाईट त्यात काहीच नव्हतं, उलट तो फार देखणा होता, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच भीती वाटत होती.

पीएचडीचं दुसरं वर्ष. माझ्याकडे एक ऑक्साइडची पावडर, तिच्यात जरा मोठ्या आकाराचा दुसरा अणू थोडा थोडा घालत जायचा, भट्टीत भाजायची, खलात घोटायची आणि एक्सआरडी काढून बघायचं. एक्सआरडी म्हणजे पावडरवर एक्स-रे टाकायचे, ते कुठल्या कुठल्या कोनात जोरात परत येतात ते मोजायचं, आणि त्या कोनांवरून आतल्या अणूंच्या थरांमधलं अंतर काढायचं. अंतर वाढलं की ग्राफवरचा पीक, म्हणजे उंच सुळका, डावीकडे, लहान कोनाकडे सरकतो. माझे पीक सरकत होते. पहिल्या सॅम्पलपेक्षा दुसऱ्याचा जास्त, दुसऱ्यापेक्षा तिसऱ्याचा जास्त, अगदी पायरी पायरीने, थिअरीत लिहिलंय तसंच. मोठा अणू आत गेला, अणूंची जाळी फुगली, झालं, पेपर तयार. गाईडना एवढ्यात सांगायचं नाही, अजून दोन सॅम्पल करू, सगळं नीट मांडू आणि मगच दाखवू, असं मनाशी ठरवून टाकलं होतं.

मग एक दिवस इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते. मोठ्या युनिव्हर्सिटीत अशी महागडी मशिनं कुणा एका डिपार्टमेंटची नसतात, सगळ्यांसाठी मिळून एक असतं, स्लॉट बुक करावा लागतो, आणि स्लॉट बुक केला म्हणजे त्या वेळेला मशीन तयार असेलच असं नाही. त्या दिवशी व्हॅक्यूमच येत नव्हता. मशीन चालवणारे काका दर पंधरा मिनिटांनी दार उघडून "अजून नाही" एवढंच सांगून परत आत जायचे. माझ्या पुढच्या स्लॉटवाली एक पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी झाल्यावर संशोधन करणारी, शेजारी येऊन बसली. जिऑलॉजीची होती, मातीतल्या खनिजांवर काम करायची, त्यामुळे एक्सआरडी हे तिचं रोजचंच. दीड तास दोघी बसून. कधीतरी बोलता बोलता तिने विचारलं, काय करतेस गं तू, आणि का कोण जाणे, मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "छान आहे. पण मोठ्या अँगलचे पीक कुठायत?"

मी ग्राफ पुढे सरकवला. तिकडचे पीक जवळजवळ जागच्या जागीच होते.

"जाळी खरंच फुगली असती तर तिकडे जास्त सरकायला हवे होते ना? तुझं उलटं होतंय. पावडर खाली बसलीये होल्डरमध्ये."

ते दोन-तीन सेकंद मला अजून आठवतात. पोटात खड्डा पडला. कारण ती म्हणत होती ते बरोबर होतं, आणि ते मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. होल्डरच्या खळग्यात पावडर दाबून सपाट करायची असते, तिचा पृष्ठभाग बरोबर काठाच्या पातळीला यावा लागतो. तो जरासा जरी खाली राहिला तरी सगळे पीक लहान कोनाकडे सरकतात. जरासा म्हणजे किती, तर मिलिमीटरचा दहावा भाग. आमच्या मशीनवर तेवढ्याने पीक ०.०५ अंशाच्या आसपास हलायचा, आणि मी जे सरकणं बघून तीन आठवडे हरखून गेले होते ते साधारण तेवढंच होतं. फरक ओळखायची खूण एकच, पावडर खाली बसल्यामुळे आलेलं सरकणं मोठ्या कोनाकडे जाताना कमी कमी होत जातं, आणि जाळी खरोखर फुगली असेल तर वाढत जातं. माझी पावडर जितका जास्त अणू घालावा तितकी मऊ होत होती आणि दाबली की जास्त खाली बसत होती, म्हणून पायरी पायरीने. त्या पायऱ्या होत्या खऱ्याच, फक्त त्या माझ्या अंगठ्याच्या दाबाच्या होत्या.

तिने दुसऱ्या दिवशी तिच्या लॅबमधून एका छोट्या बाटलीत सिलिकॉनची पावडर आणून दिली. म्हणाली, "ही चिमूटभर मिसळ तुझ्या सॅम्पलमध्ये. सिलिकॉनचा पहिला पीक २८.४४ ला आला पाहिजे. नाही आला तर जेवढा फरक, तेवढी तुझी चूक, ती वजा कर." मिसळली, पाचही सॅम्पल नव्याने मोजली, चूक वजा केली. सरकण्यातलं बरंचसं गेलं. जे उरलं ते फार थोडं होतं, पण ते मोठ्या कोनाकडे वाढत जात होतं, म्हणजे ते जाळीचंच होतं. पुढे पेपर झाला तो त्या थोड्याचाच, आणि त्यात तिचं नाव आहे. माझ्या आयुष्यातलं पहिलं कोलॅबोरेशन हे असं, एक बंद पडलेलं मशीन आणि एक बाक यातून झालेलं.

एखाद्या मोठ्या सायन्स-टेक्नॉलॉजी युनिव्हर्सिटीबद्दल बाहेर जे सांगितलं जातं त्यात हे कुठेच येत नाही. तिथे येतात ते करार, एमओयूवर सह्या करतानाचे फोटो, किती देशांतल्या किती संस्थांशी आपलं नातं आहे त्याचे नकाशे. मी त्या कागदांना नावं ठेवत नाही, ते लागतातच. सॅम्पल दुसऱ्या देशात पाठवायचं तर कस्टमला काय सांगायचं, विद्यार्थी तिकडे सहा महिने राहिला तर त्याचा खर्च कोण करणार, पेटंट निघालं तर कुणाचं, कंपनीचा पैसा असेल तर पेपर छापायच्या आधी त्यांना किती दिवस दाखवायचा, ही सगळी भांडणं आधीच कागदावर मिटवलेली बरी असतात. पण मी बघितलेल्या करारांपैकी कितीतरी असे होते की सह्या झाल्या, फोटो निघाले, आणि पाच वर्षं दोन्ही बाजूंपैकी कुणी कुणाला एक मेलसुद्धा केला नाही. का, तर एकमेकांना दाखवायला कुणाकडे अर्धवट असं काहीच नव्हतं, सगळ्यांनी फक्त पूर्ण झालेल्या कामाच्या स्लाइड दाखवल्या होत्या. पूर्ण झालेलं काम बघून माणूस टाळ्या वाजवेल, त्याहून जास्त तो काय करणार? त्याला हात घालायला जागाच नसते त्यात.

अमेरिकेतल्या एमआयटीत थॉमस अ‍ॅलन नावाच्या प्राध्यापकांनी इंजिनिअर आणि शास्त्रज्ञ लोक एकमेकांशी किती बोलतात ते मोजलं होतं, १९७७ साली ते प्रसिद्ध झालं. दोघांच्या टेबलांमधलं अंतर वाढत गेलं की बोलणं झपाट्याने कमी होतं, आणि साधारण ५० मीटरच्या पुढे गेलं की जवळजवळ संपतंच. वाचलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. मेलवर आपण विचार करून लिहितो, म्हणजे पूर्ण झालेलंच लिहितो. "हे बघ ना, काहीतरी विचित्र येतंय" असं मेलमध्ये कोण लिहितं? ते जाता जाता दारातून डोकावूनच बोललं जातं.

आणि एमआयटीचंच नाव निघालंय तर बिल्डिंग २० बद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी ती कधी बघितली नाही, बघणं शक्यही नाही, १९९८ साली पाडली. पण तिच्याबद्दल मिळेल ते मी वाचत आलेय. दुसऱ्या महायुद्धात रडारचं काम जोरात होतं. त्याची सुरुवातच मुळात कोलॅबोरेशनने झालेली, इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीत रँडल आणि बूट या दोघांनी १९४० साली कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन बनवला, म्हणजे लहान तरंगलांबीचे ताकदवान मायक्रोवेव्ह सोडणारी हातात मावेल एवढी वस्तू, आणि त्याच वर्षी इंग्लंडने ती सरळ अमेरिकेच्या हातात दिली कारण स्वतः बनवत बसायला वेळ आणि कारखाने नव्हते. त्यावर काम करायला एमआयटीत रेडिएशन लॅब उभी राहिली, ती वाढत वाढत जवळपास ४,००० माणसांची झाली. जागा पुरेना म्हणून १९४३ साली घाईघाईने एक तीन मजली लाकडी इमारत बांधली, युद्ध संपल्यावर सहा महिन्यांत पाडायची या अटीवर. ती ५५ वर्षं टिकली.

टिकली कारण जागा कायम कमी पडत होती, आणि ज्यांना दुसरीकडे कुठे जागा मिळत नव्हती ते सगळे तिथे जाऊन बसले. उन्हाळ्यात उकडायचं, खिडक्या गळायच्या, खोल्यांचे नंबर असे की नवा माणूस हमखास चुकायचा, आणि चुकून भलत्याच लॅबमध्ये शिरायचा. चॉम्स्की आणि हॅले यांचं भाषाशास्त्र तिथे होतं, अमर बोस यांचं ध्वनीचं काम तिथे होतं, न्यूक्लियर सायन्सवाले होते. भिंती प्लायवूडच्या, त्यामुळे वायर ओढायची असेल तर भोक पाडायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. झकॅरियस नावाच्या शास्त्रज्ञाला अ‍ॅटॉमिक क्लॉकसाठी उंच नळकांडं उभं करायचं होतं, तर त्याने वरच्या दोन मजल्यांच्या जमिनी काढून टाकल्या! चांगल्या इमारतीत हे कोण करू देईल? मला त्या इमारतीचं जे वाटतं ते असं, की ती स्वतःच अर्धवट होती, त्यामुळे आत बसलेल्या माणसाला आपलं अर्धवट काम पसरून ठेवायची लाज वाटत नसावी. हे माझं मत आहे, कुणी मोजलेलं नाही.

त्याच बिल्डिंगमध्ये रायनर वाइस यांची एक खोली होती. १९६७ च्या सुमाराला त्यांना जनरल रिलेटिव्हिटी, म्हणजे आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, शिकवायला सांगितलं, विषय त्यांचा नव्हता, ते प्रयोग करणारे, गणितात विद्यार्थ्यांच्या जेमतेम एक पाऊल पुढे राहत होते असं त्यांनीच पुढे कितीदा सांगितलंय. शिकवता शिकवता विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण काढलं, गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच ताणत-दाबत जाणारी लहर, आली तर दोन वस्तूंमधलं अंतर बदलेल, ते अंतर प्रकाशाने मोजता येईल का? त्यावर विचार करत राहिले, आणि १९७२ मध्ये ते सगळं लिहून काढलं. कुठे, तर लॅबच्या तिमाही प्रगती अहवालात. एखाद्या नावाजलेल्या जर्नलमध्ये छापायला त्यांच्याकडे अजून काही सापडलेलंच नव्हतं ना. आणि त्यात लिहिलं काय, तर हा प्रयोग कुठे कुठे फसू शकतो त्याची यादी. लेझर थरथरेल, जमीन हलेल, आरशांमधले अणू उष्णतेने हलतील, प्रकाशाचा स्वतःचाच धक्का बसेल, एकेका गोंगाटाचा हिशोब. त्या यादीवर पुढची ४० वर्षं शेकडो माणसं राबली. माझ्या मते जगातल्या सगळ्यात सुंदर अर्धवट कामांपैकी ते एक आहे.

पुढे जे झालं ते तर मला अजून भारी वाटतं. अशा यंत्राचा दीड मीटरचा प्रोटोटाइप बिल्डिंग २० मध्ये सुरू झाला होता, पैसे मिळेनात. निधीसाठी पाठवलेलं प्रपोजल परीक्षणासाठी जर्मनीत माक्स प्लांक संस्थेतल्या लोकांकडे गेलं. त्यांनी ते वाचलं, आवडलं, आणि तिथल्या ग्रुपने स्वतःच तसा तीन मीटरचा प्रोटोटाइप बांधायला घेतला. म्हणजे इकडे ज्याची कल्पना तो पैशांची वाट बघतोय आणि तिकडे काम सुरू! कुणीही दुखावलं गेलं असतं, आपल्याकडे तर दोन ग्रुप एवढ्यावरून कायमचे बोलायचे बंद होतात. पण दार लागलं नाही, पुढे एकमेकांचं शिकत शिकतच सगळे पुढे गेले. ग्लासगोमध्ये रोनाल्ड ड्रेव्हर होते, ते पुढे कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकला आले, कॅलटेकला थिअरीवाले किप थॉर्न होतेच, आणि कॅलटेक आणि एमआयटी या दोन युनिव्हर्सिट्यांनी मिळून गुरुत्वीय लहरी पकडणारं लायगो उभं केलं. तेही गुण्यागोविंदाने झालं नाही, ड्रेव्हर आणि बाकीच्यांचं इतकं बिनसलं की शेवटी त्यांना प्रोजेक्टच्या बाहेर जावं लागलं. नंतर बॅरी बॅरिश आले आणि त्यांनी ती सगळी घडी बसवली, दोन युनिव्हर्सिट्यांच्या पलीकडचे जगभरचे ग्रुप आत घेतले.

त्या ग्रुपमध्ये आपलीही माणसं होती आणि त्यांचं काम दिखाऊ नव्हतं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकापासून, म्हणजे लायगो सुरू व्हायच्याही कितीतरी आधी, गोंगाटात बुडालेला सिग्नल ओळखीच्या आकारांशी ताडून कसा शोधायचा त्याचं गणित बसवत आणलं होतं. त्याच्याही आधी, १९७० मध्ये, सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी दाखवलं होतं की ब्लॅक होलला धक्का दिला तर ते विझत जाणाऱ्या घंटेसारखं वाजतं. यंत्र नाही, डेटा नाही, काही नाही, तरी ही माणसं आपापला तुकडा करून ठेवत होती. कुणी कुणाला कधी भेटलंही नसेल.

लायगोचं एक प्रकरण मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते. सप्टेंबर २०१० मध्ये डेटात एक जबरदस्त सिग्नल आला. आकाशात ज्या बाजूने आल्यासारखा वाटत होता तिथे श्वान तारकासमूह, म्हणून त्याचं नाव पडलं बिग डॉग. आता या लोकांमध्ये एक नियम होता, दोन-चार माणसांची एक छोटी टीम गुपचूप खोटा सिग्नल यंत्रात घालू शकते, बाकी कुणालाही न सांगता, आणि तो खरा की खोटा हे एका बंद पाकिटात ठेवलेलं असतं. शेकडो लोकांनी सहा महिने त्यावर काम केलं. पेपर पूर्ण लिहून काढला, वाक्यावाक्यावर वाद घातले. मार्च २०११ मध्ये सगळे जमले, पाकीट उघडलं, सिग्नल घातलेला होता.

मी स्वतःला त्या खोलीत बसवून बघते. सहा महिने! आणि तरी लोक चिडून उठून गेले नाहीत, कारण हा नियम त्यांनीच स्वतःला घालून घेतलेला होता. आपण सगळे मिळून चुकू शकतो, सगळ्यांना एकदम एकच गोष्ट खरी वाटावीशी वाटू शकते, हे त्यांनी आधीच मान्य केलं होतं. माझ्या तीन आठवड्यांच्या ग्राफला असं पाकीट कुणी ठेवलेलं नव्हतं.

१४ सप्टेंबर २०१५ ला खरा आला. चार चार किलोमीटरच्या हातांचे दोन डिटेक्टर, अमेरिकेतच एक लिव्हिंग्स्टनला एक हॅनफर्डला, मध्ये सुमारे ३,००० किलोमीटर, आणि दोन्हीकडे ७ मिलिसेकंदांच्या फरकाने तोच आकार, शेवटी ती विझत जाणारी घंटासुद्धा. आरशांमधलं अंतर बदललं ते प्रोटॉनच्या व्यासाचे हजार भाग केले तर त्यातल्या दोन-तीन भागांएवढं. अमेरिकेत तेव्हा पहाट-रात्र होती. स्क्रीनवर तो पहिल्यांदा ज्या माणसाने बघितला तो जर्मनीत हॅनोव्हरला बसलेला एक पोस्टडॉक, माक्स प्लांकच्याच एका संस्थेतला. आणि त्याची पहिली शंका अर्थातच हीच की कुणीतरी खोटा घातलाय. शेजारच्या सहकाऱ्याला दाखवला, दोघांनी लिव्हिंग्स्टनच्या कंट्रोल रूमला फोन केला, तुम्ही काही घातलंय का, नाही. परीक्षणासाठी गेलेल्या त्या प्रपोजलपासून या फोनपर्यंतचं सगळं एका ओळीत मनात आणलं की मला भरून येतं, खरंच.

पेपर फेब्रुवारी २०१६ मध्ये आला, हजाराच्या आसपास नावं. नोबेल २०१७ मध्ये मिळालं, वाइस, थॉर्न आणि बॅरिश यांना, कारण एका नोबेलमध्ये तीनच माणसं बसतात. ड्रेव्हर त्याच वर्षी मार्चमध्ये गेले होते.

नावांचा हा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. कारण अर्धवट काम दाखवायला माणूस कचरतो तो फक्त चुकीच्या भीतीने नाही, ते आपल्या हातातून जाईल या भीतीनेही, आणि ती भीती खोटी नसते. माझ्याच बाबतीत झालंय. दुसऱ्या एका संस्थेतल्या ग्रुपसाठी मी दोन महिने मोजमापं करून दिली होती, त्यांची पद्धत चुकत होती ती दुरुस्त करून दिली होती, ग्राफसुद्धा मीच काढलेले. पेपर छापून आला तेव्हा दोन नंबरची आकृती माझी, अक्षरांचा फाँटसुद्धा माझा, आणि नाव कुठेच नाही, शेवटच्या आभारांतसुद्धा नाही. विचारलं तर उत्तर आलं, तुम्ही फक्त मोजून दिलंत ना. त्या "फक्त"चा मला आजही राग येतो. त्यानंतर मी जवळजवळ वर्षभर कुणालाच काही कच्चं दाखवलं नाही, आणि ते वर्ष माझ्या कामातलं सगळ्यात कोरडं वर्ष होतं.

प्रत्येक शाखेची नावं लावायची रीत वेगळी, हेही बाहेरच्या कुणाला माहीत नसतं. बायोलॉजीत पहिलं नाव ज्याने हाताने काम केलं त्याचं, शेवटचं लॅब ज्याची त्याचं. गणितात अक्षरक्रमाने. पार्टिकल फिजिक्समध्येही अक्षरक्रमाने, पण तिथे माणसंच इतकी की २०१५ मध्ये युरोपातल्या सर्न या प्रयोगशाळेच्या अ‍ॅटलस आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी मिळून हिग्स कणाच्या वस्तुमानावर जो पेपर लिहिला त्याला ५,१५४ ऑथर होते, ३३ पानांच्या पेपरमध्ये विज्ञान ९ पानांचं आणि उरलेली २४ पानं नावं आणि संस्था. लोक त्याला हसतात. मला हसू येत नाही. त्या यादीत असा कुणीतरी असेल ज्याने तीन वर्षं फक्त एका केबलची गळती शोधली असेल, आणि त्याचं नाव तिथे आहे. आता बऱ्याच जर्नलमध्ये कुणी काय केलं ते १४ प्रकारांतून निवडून लिहावं लागतं, कल्पना कुणाची, मोजमाप कुणाचं, सॉफ्टवेअर कुणाचं, पैसे कुणी आणले. चांगलं आहे, निदान "फक्त मोजून दिलं" याला एक रकाना तरी मिळाला.

आणि हे लिहिताना मला मायक्रोस्कोपवाले काका आठवतात. माझ्या पहिल्या पेपरमधल्या सगळ्या इमेज त्यांनी काढल्या होत्या. मी शेजारी बसायचे, अजून जवळ घ्या म्हणायचे, ते म्हणायचे, "थांबा, आधी ही कड बघा." त्या कडेलाच जे दिसलं त्यावर पेपरचा अर्धा भाग उभा आहे. मी आभारात काय लिहिलं? अमुक अमुक फॅसिलिटीचे आभार. फॅसिलिटीचे! माणसाचं नाव नाही. मला कुणी अडवलं नव्हतं, माझ्या मनातच आलं नाही. ते रिटायर झाल्यावर एकदा भेटायला गेले, पेपरची प्रिंट घेऊन, वर हाताने त्यांचं नाव लिहून. त्यांनी चष्मा लावून इमेज बघितली आणि म्हणाले, "इथे अजून जरा फोकस करायला पाहिजे होता." नावाबद्दल काहीच बोलले नाहीत. ऑनलाइन आवृत्तीत ते नाव आजही नाही.

गेल्या वर्षी आम्हाला एका सिंक्रोट्रॉनवर बीमटाइम, म्हणजे तिथे मोजमाप करायची ठरलेली वेळ, मिळाला. सिंक्रोट्रॉन म्हणजे जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने गोल गोल फिरणारे इलेक्ट्रॉन आणि त्यांच्यातून निघणारे एक्स-रे, आमच्या लॅबमधल्या एक्स-रेपेक्षा कितीतरी पटीने प्रखर. प्रपोजल लिहायचं, निवड व्हायची वाट बघायची, आणि मग मोजून तीन दिवस मिळतात, आठ आठ तासांच्या शिफ्ट, रात्रंदिवस, एक मिनिट वाया घालवायचं नाही. आम्ही पाच जण होतो, तीन वेगवेगळ्या युनिव्हर्सिट्यांतले. एक मुलगी केमिस्ट्रीची, एक फिजिक्सचा पोस्टडॉक, एक परदेशातला विद्यार्थी ज्याला मी त्याआधी फक्त स्क्रीनवर बघितलेलं, माझा एक विद्यार्थी आणि मी. पहिल्या दिवशी बीमच गेला, चार तास नुसते बसून. तेव्हाच खरी ओळख झाली, सगळ्यांनी आपापले न जमलेले स्कॅन काढून दाखवले, आणि केमिस्ट्रीवालीने परदेशातल्या मुलाच्या एका ग्राफवर बोट ठेवून सांगितलं की तुझं सॅम्पल पाणी शोषतंय, ते बंद डब्यात ठेवायला हवं. त्याचं चार महिन्यांचं कोडं सुटलं.

रात्रीची शिफ्ट माझ्या विद्यार्थ्याची होती, एकटाच. तो हुशार आहे, मान खाली घालून काम करतो, पण चूक झाली की गप्प होतो, दोन दोन दिवस दिसत नाही, मला त्याच्यात मी दिसते. सकाळी साडेसहाला मी त्याची शिफ्ट घ्यायला गेले तेव्हा तो बसल्या बसल्या झोपला होता. मी त्याला उठवलं नाही, लॉगबुक उघडलं. जाड वही असते ती, प्रत्येक स्कॅनचा नंबर, वेळ, सॅम्पल, तापमान, सगळं पेनाने लिहायचं, खोडायचं नाही.

रात्री एक ते तीनपर्यंतचं सगळं सरळ होतं. मग एक ओळ होती, बाकीच्या अक्षरांपेक्षा जरा मोठ्या अक्षरात. "०३.१० – सॅम्पल ४ च्या जागी ५ लावलं होतं, आत्ता लक्षात आलं. चूक माझी. आधीचे दोन स्कॅन धरू नका." खाली त्याची सही. ते दोन स्कॅन मी उघडून बघितले, फार सुंदर आले होते, आम्हाला हवे होते अगदी तसेच.

तो उठल्यावर मी त्याला वहीतली ती ओळ दाखवून म्हटलं, बरं केलंस. तो म्हणाला, "मॅडम, परत लावलंय ४, चालू आहे, वीस मिनिटं राहिलीत." मग आम्ही दोघं स्क्रीनसमोर बसून त्याची वाट बघत राहिलो.